कॅन्सर टाळायला काय खावं? आधी काय कमी करायचं ते ठरवा

वडिलांना बावन्नाव्या वर्षी मोठ्या आतड्याचा कॅन्सर निघाला, आता केमो चालू आहे आणि तुम्ही स्वतः एकोणचाळिशीत आहात. हा आजार मला होऊ नये म्हणून मी काय खाऊ, असा तुमचा प्रश्न आहे. सोबत घरच्यांनी दिलेल्या सल्ल्यांची यादीही पाठवली आहे: साखर पूर्ण बंद, सकाळी उठल्यावर लिंबू-सोड्याचं पाणी, ग्रीन टी, अँटिऑक्सिडंटच्या गोळ्या, भाज्या फक्त सेंद्रिय, आणि वडिलांनीही हेच सगळं पाळायचं.

कॅन्सरच्या रुग्णांच्या आहाराचं काम मी बरीच वर्षं करते आहे. सरळ उत्तर असं की खाल्ल्यावर कॅन्सर होणारच नाही असा एकही पदार्थ नाही. धोका कमी करणाऱ्या सवयी मात्र आहेत, आणि त्यातल्या बऱ्याचशा काहीतरी नवीन खायला लागण्याच्या नसून, रोजचं काहीतरी कमी करण्याच्या आहेत. ही बाजू फारशी कुणी सांगत नाही, कारण न खाल्लेल्या वस्तूची जाहिरात कोण करणार?

आहाराकडे वळण्याआधी तपासणीचं बोलू. आई, वडील किंवा सख्ख्या भावंडाला मोठ्या आतड्याचा कॅन्सर झाला असेल तर कोलोनोस्कोपी, म्हणजे आतड्याची दुर्बिणीतून तपासणी, वयाच्या चाळिशीला किंवा त्या नातेवाइकाला आजार कळला त्या वयाच्या दहा वर्षं आधी, यातलं जे आधी येईल तेव्हा सुरू करावी, असा रूढ वैद्यकीय सल्ला आहे. वडिलांच्या ५२ मधून दहा गेले की ४२ उरतात. तुमची चाळिशी त्याआधी येते. म्हणजे तुमची वेळ पुढच्याच वर्षी. हा कॅन्सर बहुतेक वेळा आतड्याच्या अस्तरावर उगवलेल्या पॉलिपपासून, म्हणजे लहानशा गाठीपासून सुरू होतो, पॉलिपचा कॅन्सर व्हायला साधारण दहा वर्षं लागतात, आणि तपासणीत दिसलेला पॉलिप बहुधा त्याच वेळी काढून टाकता येतो. जन्मभर कोबी खाऊन जे साधणार नाही ते या एका तपासणीत साधतं. घराण्यात आणखी कुणाला, विशेषतः पन्नाशीच्या आत, आतड्याचा किंवा गर्भाशयाचा कॅन्सर झाला असेल तर तेही डॉक्टरांना सांगा. काही घराण्यांत हा दोष जनुकांतून येतो आणि त्यांच्या तपासण्या बऱ्याच लवकर सुरू कराव्या लागतात. आणखी एक: तंबाखू कुठल्याही रूपात घेत असाल तर खालचं सगळं नंतर वाचा, आधी ती सोडा.

आता ताट. मोठ्या आतड्याच्या बाबतीत ज्या पदार्थाविरुद्ध सर्वांत पक्का पुरावा आहे तो म्हणजे प्रक्रिया केलेलं मांस: सॉसेज, सलामी, हॅम, बेकन, म्हणजे मीठ, नायट्राइट किंवा धुरी देऊन टिकवलेलं कुठलंही मांस. चिकनचं सॉसेजही त्यातच आलं. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१५ साली या मांसाला पहिल्या, म्हणजे ‘नक्की कॅन्सरकारक’ गटात घातलं, आणि गाय, डुक्कर, मेंढी, बकरी यांच्या लाल मांसाला त्याच्या खालच्या, ‘बहुधा कॅन्सरकारक’ गटात. तंबाखूही पहिल्याच गटात असल्यामुळे ‘सॉसेज सिगारेटइतकंच घातक’ अशा बातम्या झळकल्या. त्या चुकीच्या होत्या. गटावरून कळतं की पुरावा किती पक्का आहे. धोका किती मोठा आहे हे गट सांगतच नाही. धोक्याचा आकडा वेगळा आहे: रोज ५० ग्रॅम असं मांस खाणाऱ्यांना मोठ्या आतड्याच्या कॅन्सरचा धोका सुमारे १८ टक्क्यांनी जास्त.

१८ टक्के, पण कशाचे? समजा शंभर माणसांपैकी पाच जणांना आयुष्यात कधीतरी हा आजार होणार आहे. ही शंभरच्या शंभर माणसं रोज एवढं मांस खात राहिली तर पाचाचे साधारण सहा होतील. आहाराच्या बातमीत टक्केवारी दिसली की ती मूळ कुठल्या आकड्यावरची आहे हे विचारायची सवय लावून घ्या, निम्मी भीती तिथेच उतरते. पण तुमचा मूळ आकडाच घरच्या इतिहासामुळे इतरांपेक्षा मोठा आहे, म्हणून तुमच्या बाबतीत हा जास्तीचा भार टाळण्यासारखा आहे. मी तुम्हाला सॉसेज-सलामी कधीमधीवर आणायला सांगेन, आणि लाल मांस आठवड्याला शिजवलेल्या वजनाने ३५० ते ५०० ग्रॅमच्या आत ठेवायला. हा दुसरा आकडा जागतिक कर्करोग संशोधन निधीचा आहे. साधे मासे आणि ताजं चिकन यांच्यावर असा ठपका नाही. निखाऱ्यावर काळं पडेपर्यंत भाजलेलं मांस मात्र कुठलंही असो, काळा भाग काढून टाका.

खरी गंमत फायबरमध्ये, म्हणजे चोथ्यात आहे, आणि तुमच्या यादीत नेमका त्याचाच पत्ता नाही. आपल्या पाचकरसांना न पचणारा हा भाग मोठ्या आतड्यात पोचतो तेव्हा तिथले जिवाणू त्यावर जगतात आणि त्यातून ब्युटिरेट नावाचं आम्ल तयार करतात. आतड्याच्या अस्तरातल्या पेशींचं हे मुख्य इंधन. शिवाय चोथ्यामुळे मळ मऊ राहतो, लवकर पुढे सरकतो, आणि त्यात घातक काही असेल तर त्याचा अस्तराशी संबंध कमी वेळ येतो. अनेक पाहण्या एकत्र करून २०११ साली जे गणित मांडलं गेलं त्यात रोजच्या दर जास्तीच्या १० ग्रॅम फायबरमागे मोठ्या आतड्याच्या कॅन्सरचा धोका सुमारे १० टक्क्यांनी कमी दिसला.

२०१५ साली प्रसिद्ध झालेला एक प्रयोग मला फार आवडतो. अमेरिकेतले आफ्रिकी वंशाचे २० जण आणि दक्षिण आफ्रिकेच्या ग्रामीण भागातले २० जण घेतले. पहिल्या समाजात मोठ्या आतड्याचा कॅन्सर भरपूर, दुसऱ्यात क्वचित. दोन आठवड्यांसाठी दोघांच्या आहाराची अदलाबदल केली. अमेरिकेतल्या लोकांचं फायबर रोज सुमारे १४ ग्रॅमवरून ५५ ग्रॅमवर नेलं आणि चरबी निम्म्याहून कमी केली. आफ्रिकेतल्या लोकांचं नेमकं उलटं. दोनच आठवड्यांत पहिल्या गटात ब्युटिरेट वाढलं, आतड्याच्या अस्तराची सूज आणि पेशी वाढण्याचा वेग उतरला. दुसऱ्या गटात सगळं उलट दिशेने गेलं. इथे कॅन्सर मोजलेला नाही, दोन आठवड्यांत तो मोजता येतही नाही. मोजल्या त्या कॅन्सरच्या वाटेवर दिसणाऱ्या खुणा. पण आतडं किती पटकन दखल घेतं हे त्यातून दिसलं.

याच्या विरुद्ध जाणारा पुरावाही तुमच्यापासून लपवणार नाही. अमेरिकेत पॉलिप काढलेल्या दोन हजारांहून जास्त लोकांवरचा एक प्रयोग २००० साली प्रसिद्ध झाला. त्यांच्यातल्या अर्ध्यांना चार वर्षं कमी चरबीचा, जास्त फायबरचा आहार दिला, तरी नव्या पॉलिपांचं प्रमाण कमी झालं नाही. माझ्या मते चार वर्षं हा काळच तोकडा आहे. आतड्यात दहा-वीस वर्षं चालणाऱ्या गोष्टीवर उतारवयातल्या चार वर्षांचा परिणाम दिसेलच असं नाही. तुमच्याकडे मात्र वेळ आहे.

आता तुम्ही लिहून पाठवलेला एका दिवसाचा आहार पाहू. सकाळी पांढऱ्या ब्रेडचे दोन तुकडे, जॅम आणि संत्र्याचा रस. दुपारी पांढरा भात, चिकन, काकडीच्या चार चकत्या. संध्याकाळी बिस्किटं. रात्री पास्ता. मी बेरीज केली तर फायबर जेमतेम आठ-नऊ ग्रॅम भरतं, आणि हवं किमान ३०. यात वाईट म्हणावं असं काही नाही, फक्त सगळं सोललेलं, दळलेलं आणि गाळलेलं आहे. रसाऐवजी अख्खं संत्रं खा, तीन ग्रॅम. ब्रेड खऱ्या अख्ख्या धान्याचा घ्या, दोन तुकड्यांत चार ग्रॅम. दुपारी शिजवलेली डाळ किंवा कडधान्य एक मोठी वाटी, यात एकदम दहा ग्रॅमच्या पुढे. बिस्किटांच्या जागी सालासकट सफरचंद आणि मूठभर बदाम, मिळून सातेक ग्रॅम. दुपारी आणि रात्री मिळून दोन भाज्या, चार-पाच ग्रॅम. झाले तीस. एवढ्यासाठी कुठलंही महाग किंवा दुर्मीळ ‘सुपरफूड’ आणावं लागलं नाही.

ब्रेडबद्दल ‘खऱ्या’ असं मुद्दाम म्हटलं. तपकिरी रंग कॅरॅमल किंवा माल्ट घालूनही आणता येतो. पाकीट उलटं करून घटकांची यादी पाहा. ती वजनाच्या उतरत्या क्रमाने लिहिलेली असते. पहिलं नाव मैद्याचं असेल आणि अख्खं गव्हाचं पीठ कुठेतरी चौथ्या-पाचव्या जागी असेल, तर तो रंगवलेला पांढरा ब्रेडच. मग शेजारच्या तक्त्यात १०० ग्रॅममागे फायबर बघा. सहा ग्रॅम किंवा जास्त असेल तर घ्या. पुढच्या बाजूला छापलेली कणसं, गावाकडचं घर, ‘नैसर्गिक’ हा शब्द, यातलं काहीही वाचू नका.

एकच खबरदारी: आठवरून तीसवर एका दिवसात उडी मारू नका, पोट फुगेल आणि तुम्ही आठवड्याभरात सोडून द्याल. दोन-तीन आठवडे हळूहळू वाढवा आणि पाणी जास्त प्या.

भाज्या चांगल्या तर त्यांचा अर्क गोळीत का घेऊ नये? हा प्रश्न शास्त्रज्ञांनाही पडला होता आणि त्याचं उत्तर फार महागात पडलं. भाज्यांतलं बीटा-कॅरोटीन रक्तात जास्त असणाऱ्यांना फुप्फुसाचा कॅन्सर कमी होतो असं दिसत होतं. म्हणून फिनलंडमध्ये २९ हजारांवर धूम्रपान करणाऱ्या पुरुषांवर प्रयोग झाला; काहींना रोज २० मिलिग्रॅम बीटा-कॅरोटीन, काहींना नुसती खोटी गोळी. १९९४ साली निकाल आला. गोळी घेणाऱ्यांत फुप्फुसाचा कॅन्सर १८ टक्क्यांनी जास्त निघाला. अमेरिकेतल्या तशाच दुसऱ्या प्रयोगात बीटा-कॅरोटीन आणि अ जीवनसत्त्व एकत्र दिलं होतं. तिथे कॅन्सर २८ टक्क्यांनी जास्त दिसला आणि १९९६ च्या जानेवारीत प्रयोग मुदतीआधीच थांबवावा लागला. पुढे ३५ हजारांहून अधिक पुरुषांवर ई जीवनसत्त्व आणि सेलेनियम तपासलं. ई जीवनसत्त्वाच्या मोठ्या मात्रेने प्रोस्टेटचा कॅन्सर १७ टक्क्यांनी वाढल्याचं २०११ मध्ये जाहीर झालं.

गाजरात बीटा-कॅरोटीन असतं हे खरं, पण गाजर खाणारा माणूस गाजराचं सगळंच खातो, बहुधा सिगारेट कमी ओढतो, आणि गाजराने भरलेल्या पोटात बाकीचं कमी मावतं. यातलं नेमकं काय उपयोगी पडत होतं ते गोळीत कधी उतरलंच नाही. तेव्हा त्या अँटिऑक्सिडंटच्या बाटल्या बंद करा. रक्त तपासून ब१२, ड किंवा लोह कमी निघालं आणि डॉक्टरांनी गोळी दिली तर ती गोष्ट वेगळी. ती कमतरता भरून काढायला असते.

दारूचा तुम्ही उल्लेखच केला नाहीत. बहुतेक जण करत नाहीत, ‘अधूनमधून’ असं पुटपुटतात. कर्करोग संशोधन संस्थेने दारूला पहिल्या गटात १९८८ सालीच घातलं. शरीरात तिचं ॲसिटाल्डिहाइड होतं आणि ते पेशींच्या डीएनएला इजा करतं. तोंड, घसा, स्वरयंत्र, अन्ननलिका, यकृत, मोठं आतडं आणि स्त्रियांचं स्तन, एवढ्या ठिकाणच्या कॅन्सरशी तिचा संबंध पक्का आहे. वाईन, बिअर की व्हिस्की याने फरक पडत नाही, मोजायचं ते अल्कोहोल. रेड वाईन हृदयाला चांगली वगैरे जे ऐकलं असेल त्याचा कॅन्सरशी काही संबंध नाही. २०२३ च्या जानेवारीत जागतिक आरोग्य संघटनेने स्पष्टच सांगितलं की आरोग्याच्या दृष्टीने दारूची निर्धोक मात्रा अशी काही नाही. कमी केली तेवढा धोका कमी, आणि पित नसाल तर औषध म्हणून सुरू करू नका.

साखरेचं मात्र घरच्यांनी जरा चुकीच्या टोकाने धरलं आहे. कॅन्सरच्या पेशी ग्लुकोज जास्त ओढतात हे जर्मन शास्त्रज्ञ ओटो वारबुर्ग यांनी १९२० च्या दशकातच दाखवलं होतं, आणि शरीरातला कॅन्सर शोधणारा पेट (PET) स्कॅन त्याच तत्त्वावर चालतो. पण त्यावरून साखर सोडली की गाठ उपाशी मरेल असं होत नाही. तुम्ही कण साखर खाल्ली नाही तरी यकृत ग्लुकोज तयार करून रक्तात सोडतं, कारण मेंदूला ते लागतंच. साखरेचा दोष आडवाटेने येतो: गोड पेयांतून पोट न भरता उष्मांक जातात, वजन वाढतं, आणि वाढलेलं वजन कॅन्सरला हातभार लावतं. २०१६ साली झालेल्या पुराव्याच्या छाननीत शरीरातल्या जादा चरबीचा संबंध १३ प्रकारच्या कॅन्सरांशी लागला. मोठं आतडं, यकृत, स्वादुपिंड, मूत्रपिंड, गर्भाशय आणि रजोनिवृत्तीनंतरचं स्तन हे त्यातले प्रमुख. चरबी नुसती साठून राहत नाही. ती संप्रेरकं तयार करते, रक्तातलं इन्सुलिन चढं ठेवते, सूज धुमसत ठेवते.

म्हणून चहातल्या चमच्याशी भांडत बसण्यापेक्षा कोलाचा कॅन बघा. ३३० मिलिलिटरमध्ये सुमारे ३५ ग्रॅम साखर असते, आणि वरून घातलेली साखर, मध, फळांचे रस हे सगळं मिळून दिवसाची मर्यादा ५० ग्रॅमच्या आसपास आहे. पाकीटबंद, कारखान्यात तयार झालेल्या खाण्याचंही तसंच. अमेरिकेत २० जणांना काही काळ एका ठिकाणी ठेवून दोन आठवडे असं खाणं आणि दोन आठवडे साधं शिजवलेलं अन्न दिलं, दोन्ही वेळा हवं तेवढं खायची मुभा होती. २०१९ च्या त्या प्रयोगात पाकीटबंद खाण्यावर माणसं रोज जवळपास ५०० उष्मांक जास्त खात होती, आणि दोन आठवड्यांत त्यांचं वजन सरासरी एक किलोच्या जवळपास वाढलं. त्यांना स्वतःला ते जेवण जास्त आवडलं होतं असंही नाही.

यादीतलं बाकीचं झटपट उरकते. लिंबू-सोड्याने रक्त ‘अल्कलाइन’ होत नाही; रक्ताचा पीएच ७.३५ ते ७.४५ या अरुंद पट्ट्यात फुप्फुसं आणि मूत्रपिंडं ठेवतात, बदलतो तो लघवीचा. ग्रीन टी आवडत असेल तर प्या, औषध म्हणून नको, आणि तिच्या तीव्र अर्काच्या कॅप्सूल तर नकोतच. त्यांनी यकृताला इजा झालेली आहे. सेंद्रिय भाज्या परवडत असतील तर घ्या. ब्रिटनमधल्या सहा लाखांवर स्त्रियांच्या पाहणीत, २०१४ साली, सेंद्रिय खाणाऱ्यांत एकूण कॅन्सर कमी दिसला नाही. सेंद्रिय महाग म्हणून भाजीच कमी आणली जात असेल तर तुमचं नुकसान होतंय. साधी भाजी, वाहत्या पाण्याखाली नीट धुतलेली, आणि भाज्या-फळं मिळून रोज ४०० ग्रॅम.

यादीत नसलेल्या पण मोठ्या आतड्यापलीकडच्या दोन-तीन गोष्टी. ६५ अंशांहून गरम पेय सतत पिण्याचा अन्ननलिकेच्या कॅन्सरशी संबंध आहे. चहा-कॉफीचा दोष नाही, चटक्याचा आहे, ओतल्यावर काही मिनिटं थांबा. मिठात मुरवून टिकवलेले पदार्थ रोज खाल्ले तर जठराचा धोका वाढतो. आणि बुरशी लागलेले किंवा कडवट लागणारे शेंगदाणे, मका, सुका मेवा सरळ फेकून द्या. त्या बुरशीचं अफ्लाटॉक्सिन हे विष यकृताचा कॅन्सर करतं, हिपॅटायटिस बी असलेल्यांत तर फारच, आणि ते साध्या शिजवण्या-भाजण्याने जात नाही. खराब दाणे वेचून बाकीचे वापरायची काटकसर इथे नको.

राहिले वडील. वर लिहिलेलं सगळं तुमच्यासाठी आहे, त्यांच्यासाठी नाही. केमो चालू असताना वजन आणि स्नायू टिकवणं हेच आहाराचं पहिलं काम असतं. त्यांचं गोड, दूध, अंडं, भात यातलं काही कुणाच्या सांगण्यावरून बंद करू नका. प्रथिनं रोज वजनाच्या दर किलोमागे १ ते १.५ ग्रॅम मिळायला हवीत. मूत्रपिंडाचा त्रास असेल तर आकडा डॉक्टर ठरवतील. एकदम जेवण जात नसेल तर दर दोन-तीन तासांनी थोडं थोडं द्या. आतडं अरुंद झालं असेल, नुकतीच शस्त्रक्रिया झाली असेल किंवा जुलाब चालू असतील तर फायबर उलट कमी करावं लागतं, तेव्हा तुमची कडधान्याची वाटी त्यांच्यापुढे सरकवू नका. कुठलीही गोळी, अर्क, काढा देण्याआधी त्यांच्या कॅन्सरच्या डॉक्टरांना विचारा. काही गोष्टी केमोच्या औषधांच्या आड येतात. आठवड्यातून एकदा, सकाळी, त्याच काट्यावर त्यांचं वजन करून लिहून ठेवा. महिन्याभरात पाच टक्क्यांहून जास्त उतरलं, म्हणजे ७० किलोंचे साडेसहासष्टच्या खाली आले, तर पुढच्या भेटीची वाट न पाहता कळवा.